हातभर मूळ

साळुंखे सरांचा डबा स्टाफरूममध्ये कुणी उघडत नसे. एकदा इंग्रजीच्या देशमुखबाईंनी हक्कानं उघडला होता. वरच्या कप्प्यात चपात्या आणि दोडक्याची भाजी निघाली. खालच्या कप्प्यात ओल्या शेवाळावर निजवलेल्या अळंबीच्या सात तपकिरी छत्र्या होत्या आणि त्यातल्या एकीवरून एक अळी निवांत चालली होती. बाईंनी डबा ठेवला तो जवळजवळ फेकलाच. सरांनी झाकण लावलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, "खालचा कप्पा माझा नाही, कॉलेजचा आहे."

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नव्वदीची सुरुवात होती. बेलापूर तेव्हा अर्धंमुर्धं होतं. कुठे रस्ता होता पण इमारत नव्हती, कुठे इमारत होती पण नळाला पाणी नव्हतं. मागे डोंगर तेवढा पुरा होता. साळुंखे सर वनस्पतीशास्त्र शिकवायचे. मूळचे साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्या नावावर मिळालेल्या कोपरखैरण्याच्या खोलीत सर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही, आणि त्यावर चर्चा करायचं आम्ही कधी थांबवलंही नाही.

दिसायला अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दाढीचा ब्रश. तो माती झाडायला. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीचा त्यांना मनापासून राग होता, कारण तिच्यात अळंबीला घाम येतो. कुणी भाजी प्लॅस्टिकमधून आणली तरी ते तिच्याकडे असं बघायचे, की आणणाऱ्याला उगाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटावं.

माझी नि त्यांची ओळख झाली ती माझ्या टेबलामुळे. त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि पावसाळ्यात तिथल्या भिंतींना ओल यायची. ऑफिस पहिल्या मजल्यावर, कोरडं. एका जुलैत सर दोन स्टीलच्या वाट्या आणि कागद घेऊन आले आणि विचारलं, "कांबळेबाई, तुमच्या टेबलाचा कोपरा उद्या सकाळपर्यंत मिळेल का?" कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. त्यावर त्यांनी अळंबीची टोपी पालथी ठेवली आणि वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर कागदावर टोपीच्या खालच्या पडद्यांची बारीक नक्षी उमटलेली. ती अळंबीची बीजधूळ. तिचा रंग बघितल्याशिवाय सर कुठल्याच अळंबीला नाव देत नसत. "रूपावर जायचं नाही. छाप काय म्हणतो ते ऐकायचं," असं ते वर्गातही सांगत आणि प्रिन्सिपलच्या केबिनमधून बाहेर पडल्यावरही. मग पुढची सगळी वर्षं पावसाळ्यात माझं टेबल वाट्यांनी भरलेलं असे, आणि मी फायली मांडीवर घेऊन टाइप करत असे.

त्या छापानं एकदा एक घर वाचवलं. नेरूळच्या एका सोसायटीतल्या बाईंचा कॉलेजात फोन आला, की आमच्या लॉनवर सुंदर पांढरी मशरूम उगवलीत, खाऊ का? सरांनी फोनवर फक्त एवढंच म्हटलं, थांबा. भर पावसात दोन बस बदलून ते गेले. तोवर कढईत लोणी पडलं होतं. सरांनी त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या टीपॉयवर टोपी पालथी घातली, वाटी मागून घेतली आणि सोफ्यावर बसून राहिले. चार तास. बाईंनी दोनदा चहा दिला. साहेब घरी आले तेव्हा एक अनोळखी भिजलेला माणूस त्यांच्या सोफ्यावर बसलेला. संध्याकाळी वाटी उचलली तर छाप हिरवा. पांढऱ्या टोपीखाली हिरवा छाप, म्हणजे रात्रभर उलट्या. सरांनी सगळं गोळा करून कचऱ्यात टाकलं तर बाई नाराज झाल्या. आभार वगैरे काही नाहीत. हे सगळं सांगताना सरांना एकाच गोष्टीचा आनंद होता. असा स्वच्छ हिरवा छाप त्यांना त्याआधी कधी मिळाला नव्हता.

बुधीबाई बेलापूर गावाच्या नाक्यावर बसायची. डोंगरातल्या ठाकरवाडीतली म्हातारी. श्रावणात तिच्या टोपलीत कर्टोली, भारंगी आणि त्यावर पळसाच्या पानात झाकलेली अळंबी. मी कोकणातली. माझी आई माणगावकडे अशीच अळंबी ओलं खोबरं घालून करायची, म्हणून मी तिच्याकडून नेमानं घ्यायचे. सरांना तिच्याकडे मीच नेलं. तिच्या टोपलीत तीन प्रकार असत, आणि ते ती नुसत्या वासावरून वेगळे काढी. त्यातला एक टोपीवर काळं टोक असलेला. "ही टोकाची," ती म्हणाली, "ही एकाच वारुळावर येतंय."

सरांनी ती कॉलेजात नेली, छाप घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहिले. त्यांच्या मते हे टोक, हा वास आणि ही बीजधूळ कुठल्याच लिहिलेल्या जातीत बसत नव्हती. म्हणजे बुधीबाई जी पिढ्यान् पिढ्या विकत होती, तिला जगाच्या वहीत नावच नव्हतं. हे बुधीबाईला सांगितलं तर ती हसली. तिचं म्हणणं, तिला नाव हाय की, टोकाची.

आणि इथून सरांच्या आयुष्याला एकच ध्यास लागला. ती जात नवी आहे हे सिद्ध करायचं. पण एक अडचण होती, आणि ती कुठल्याच प्रयोगशाळेतली नव्हती. वारुळातली अळंबी ही वाळवीची शेती असते. वाळवी आपल्या घरात खोल जो बुरशीचा मळा करते, तिथून हातभर लांब मूळ मातीतून वर येतं आणि मग छत्री फुटते. ओळख पक्की करायला ते मूळ पाहिजे. आणि बुधीबाईच्या टोपलीतल्या प्रत्येक अळंबीचा देठ मातीच्या वरच कटकन मोडलेला. तीन पावसाळे सर तिच्याकडे मुळासकट मागत राहिले, आणि तीन पावसाळे ती मान हलवत राहिली.

ठाकर बायका अळंबीची जागा कुणाला दाखवत नाहीत. ती आईकडून लेकीला जाते. सुनेलाही नाही. पण त्या सुमारास डोंगराच्या पायथ्याला रस्त्याच्या मोजणीवाल्यांनी लाल रंगाचे दगड पुरायला सुरुवात केली होती. सरांनी बुधीबाईला सांगितलं, की ही अळंबी पुस्तकात गेली, जगात फक्त इथंच होते असं छापलं, तर सरकारला डोंगराला हात लावताना विचार करावा लागेल. हे त्यांनी तिला फसवायला सांगितलं नाही. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. मी ऑफिसात बसून सरकारी कागद टाइप करणारी बाई, माझा नव्हता. पण मी गप्प बसले.

ती आम्हाला घेऊन गेली. मला, कारण सरांचे हात मातीचे असताना रंग, वास, उंची लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं. वारुळापासून दहा पावलांवर बुधीबाईनं आम्हाला चपला काढायला लावल्या. बोट दाखवायचं नाही, कोपरानं दाखवायचं. तिनं कनवटीचे चार तांदळाचे दाणे वारुळावर ठेवले, दोन बोटांत देठ धरून पहिली अळंबी मोडली आणि ती तिथंच ठेवून दिली. मग ती सरांकडे वळली.

"मास्तर, मूळ काढायचा नाय. खाली तिची आय हाय. आयच्या हातातनं लेक हिसकायची नाय."

सरांनी हात जोडून कबूल केलं. ती पुढं म्हणाली, की ही जागा तिच्या सोमीची आहे. सोमी तिची एकुलती लेक, विधवा, उरणला गोदामात कामाला. "मी गेल्यावर सोमीला द्यायला माझ्याकडं एवढाच हाय."

सरांनी बिनमुळाचे नमुने वाळवून परदेशातल्या एका तज्ज्ञाकडे पाठवले. पत्र मीच टाइप केलं होतं. उत्तर यायला वर्ष लागलं. भाषा फार सभ्य होती. नमुने रोचक आहेत, परंतु मुळाशिवाय निर्णय शक्य नाही. या हंगामात पूर्ण नमुना आला नाही, तर ही एका जुन्याच जातीतली समजावी लागेल. सरांनी ते पत्र माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि तीन दिवस येता-जाता वाचलं. श्रावण संपत आला होता. बुधीबाई त्या आठवड्यात लेकीकडे उरणला गेली होती.

तिसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, तिला पुन्हा एकदा विचारू. त्यावर जे वाक्य बोललं गेलं ते माझं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"एक मूळ काढल्यानं काय होतंय, सर? तिला कळणार पण नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नाही म्हणायचं होतं, आणि त्याहून जास्त हो म्हणायचं होतं.

रविवारी आम्ही गेलो. सरांनी दहा पावलांवर चपला काढल्या. मीही काढल्या. मग त्यांनी पिशवीतून लहान पहार काढली. आधी वाटलं अलगद सुटेल, पण मूळ खाली खाली जात राहिलं. सर पालथे पडून कोपरापर्यंत हात घालून माती उकरत होते. शेवटी आत काहीतरी फुटल्यासारखा मऊ आवाज आला. खड्ड्याच्या तळाशी वाळवीचा मळा उघडा पडला होता, करड्या स्पंजासारखा, आणि वाळव्या सैरावैरा धावत होत्या. सर क्षणभर थबकले. पण त्यांच्या हातात मूळ होतं, काळंभोर, हातभर, कुठंही न तुटलेलं. ते हसले. पाच वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि त्या आनंदात मीही हसले. आम्ही माती परत लोटली, हातांनी थापली. त्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की कॉलेजला दोन दिवस सुट्टी द्यावी लागली.

तज्ज्ञांनी मान्य केलं. जात नवी. आता एकच सोपस्कार उरला होता, आणि तो विचित्र होता. नव्या जातीचं वर्णन तेव्हा लॅटिनमध्येच द्यावं लागे. सरांना लॅटिन कुठून येणार? उरणच्या बाजूला एक निवृत्त फादर राहत होते, त्यांच्याकडे सर चार रविवार गेले. 'ओलं असताना निसरडं' याला लॅटिनमध्ये काय म्हणतात, हे विचारल्यावर फादर बराच वेळ हसले होते म्हणे. आयुष्यभर या भाषेत देवाशी बोललो, भाजीबद्दल आज पहिल्यांदाच बोलतोय, असं ते म्हणाले. ते वर्णन मी एकेक अक्षर बघत तीनदा टाइप केलं. त्यातला एकच शब्द मला वाचता आला. सरांनी जातीला नाव बुधीबाईचं दिलं होतं.

लेख छापून आला तो पुढच्या श्रावणात. सरांनी एक प्रत पिशवीत घातली, बुधीबाईला दाखवायला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या नावावर बोट ठेवून दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं नाक्यावर गेलो. टोपलीत कर्टोली होती, भारंगी होती. टोकाची नव्हती.

बुधीबाई सरांकडे बघत म्हणाली, "यंदा ती आली नाय, मास्तर. तुमी शिकलेले. का आली नाय सांगा."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यात राग नव्हता. मी सरांच्या शेजारी उभी होते आणि त्यांच्या पिशवीवरचा हात मला दिसत होता. ज्या माणसानं अनोळखी घरात चार तास बसून छाप खरं बोलेपर्यंत वाट बघितली होती, तो माणूस म्हणाला, "पाऊस उशिरा लागला ना. म्हणून."

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "आसंल," म्हणाली, आणि माझ्यासाठी कर्टोली पानात बांधू लागली. पिशवीतली प्रत पिशवीतच राहिली.

सर दुसऱ्या दिवशी एकटे डोंगरात जाऊन आले. वारुळात पाणी शिरलं होतं, वाळवी घर सोडून गेली होती. मी म्हटलं, पायथ्याच्या दगडखाणीतल्या सुरुंगांनी झालं असेल, शिवाय रस्त्याचं कामही सुरू झालंय. खरंच सुरू झालं होतं. जगात फक्त इथंच होते असं छापून आल्यानं एकही लाल दगड हलला नव्हता. सर म्हणाले, "खाण चार वर्षं चालू आहे, कांबळेबाई. ती दर वर्षी येत होती."

मग माझ्या टेबलावर वाट्या यायच्या थांबल्या. मला टेबल मोकळं मिळालं आणि ते बघून मला रडू यायचं. कॉलेजनं सरांचा सत्कार केला, शाल-नारळ दिला. प्रिन्सिपल भाषणात म्हणाले, की आपल्या सरांनी जगाला एक नवी जात दिली. सर खाली मान घालून बसले होते. बघणाऱ्यांना तो विनय वाटला. कॉलेजातून बस स्टॉपला जायचा सरळ रस्ता नाक्यावरून होता, सर मागच्या बाजूनं खाडीकडून वळसा घालून जाऊ लागले. पुढल्या वर्षीही टोकाची आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पावसाच्या आधीच बुधीबाई वारल्याचं वॉचमननं सांगितलं. मी सरांना म्हटलं, आपण वाडीत जाऊन येऊ. ते म्हणाले, "जाऊन काय सांगायचं?" मी आग्रह धरायला हवा होता. पण मलाही जायचं नव्हतंच.

चौथ्या वर्षी सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि साताऱ्याकडे गावी जायचं ठरवलं. ते गेल्यावर मी त्यांना एक पत्र लिहिलं, हातानं. त्यात काय लिहावं हे ठरवायला मला महिना लागला. उत्तर त्यांच्या पुतण्याचं आलं. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात काका वारले, झोपेतच, त्रास झाला नाही. पत्र न फोडता परत पाठवलं होतं. ते अजून माझ्याकडे आहे. त्यात काय होतं हे सांगायचं तर त्यांच्या कॉलेजातल्या शेवटच्या दिवसाचं सांगायला हवं.

श्रावण होता. निरोप समारंभ आटोपून मी त्यांना बसपर्यंत सोडायला निघाले. हातात हार, नारळ, पुस्तकांची पिशवी. एवढ्या ओझ्यानिशी खाडीचा वळसा नको म्हणून मीच नाक्यावरून नेलं. औषधांच्या दुकानाच्या छपराखाली सर अचानक थांबले. रस्त्यापलीकडे, बुधीबाईच्या जागेवर, एक चाळिशीची बाई टोपली घेऊन बसली होती. नाक-डोळे म्हातारीचेच. सोमी. उरणचं काम सुटलं असावं. टोपलीत पळसाच्या पानांवर साधी अळंबी होती.

"कांबळेबाई, माझ्यासाठी थोडी घेऊन याल?" सर म्हणाले.

"तुम्हीच घ्या की. ती काय नाही म्हणणारे?"

"नाही म्हणणार नाही. म्हणूनच."

मी रस्ता ओलांडून गेले. सोमीनं मला ओळखलं नाही. एक वाटा मागितला. तिनं पान पसरलं, अळंबी मांडली, आणि मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तिचा हात थांबला.

"त्ये पिशवीवाले मास्तर ना? आयचे?"

मी हो म्हटलं. तिनं टोपलीच्या तळातून आणखी एक मूठ काढून पानात घातली.

"ही मास्तरची. आय सांगून गेली हाय, मास्तर आला की पयली भाजी त्येला द्यायची." ती पान बांधत बोलत होती, साधं काही सांगावं तसं. "आय उरणहून आली तवाच तिनं वारुळ बगितला होता. माती उकरून थापलेली कळतंय ना. कोनाला बोलली नाय. म्हनायची, मास्तर चांगला हाय, एक दिस सांगायला येल. वाडीच्या वाटंला बगत बसायची."

मी म्हटलं, तूच चल, तूच दे त्यांना. ती पदर खोचत उठली. आम्ही दोघी वळलो.

तिला उठलेलं सरांनी बघितलं असणार. दुकानासमोर एक बस येऊन थांबली होती. ती सुटली तेव्हा छपराखाली फक्त हार आणि नारळ होता. मागच्या खिडकीत मला त्यांची पाठ दिसली, दांडी धरून उभी, किंचित वाकलेली. मी हाक मारली. सोमीनंही मारली, मास्तर म्हणून, दोनदा. बस पनवेलची, उलट्या दिशेची होती. सरांना जायचं होतं कोपरखैरण्याला.